जेडचा कोबी: कला की रुखवत?

घासूगुरुजी: तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयातल्या जेडच्या (म्हणजे एका कठीण शोभेच्या दगडाच्या) कोबीचा फोटो काल टाकला. खाली 'तिरकस' यांचा शेरा: "रुखवतात शोभेल. याला कला म्हणायचं?" रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

अहो, तो दगड निम्मा पांढरा, निम्मा हिरवा, त्यात भेगा नि डाग. बांगडी-पेल्याला बाद माल. कारागिरानं पांढऱ्याचा देठ केला, हिरव्याची पानं, भेगा शिरांमध्ये जिरवल्या आणि वर टोळ नि नाकतोडा बसवला. तेही छिन्नीनं नाही. जेड कोरत नाहीत, झिजवतात; तेव्हा फिरत्या चाकावर ओल्या कठीण वाळूनं झिजवत. घाई केली की तुकडा गेला.

तिरकस: कष्ट म्हणजे कला असती तर आमच्या चाळीत पाट्याला टाकी लावणारा संग्रहालयात बसला असता. मी तासभर रांगेत उभा होतो हो! दिसलं काय, १८.७ सेंटिमीटर. वीतभरही नाही. त्यापेक्षा लंडनला शाहजहानचा १६५७चा जेडचा पेला बघा. दगडाची भाजी करावी लागली नाही. खुद्द चीनचा छ्येनलुंग बादशहा हिंदुस्थानी जेडवर कविता करायचा.

घासूगुरुजी: तो पेला भोपळ्याच्या आकाराचा आहे. भोपळा तुमच्याकडे फळांत मोडतो का?

निवांत: शिवाय पेला नेफ्राइटचा, कोबी जेडाइटचा. दोन्हींना जेडच म्हणतात, पण खनिजंच वेगळी, हे १८६३ पासून माहीत आहे. आणि जेडला 'पाचू' लिहिणाऱ्यांना आधी आवरा.

ठाणेकर_काकू: जेडचं राहू द्या. चिनी लोक स्फटिकाच्या तपकिरीच्या बाटल्या करत, आतून चित्रं काढलेल्या. त्यावरून आठवलं. एका तीर्थक्षेत्री मला साडेतीन हजारांची स्फटिकमाळ दिली. घरी भिंगातून पाहिलं तर मण्यांत गोल गोल बुडबुडे. काच!

निवांत: गालाला लावून बघायची. स्फटिक जास्त गार लागतो.

ठाणेकर_काकू: एसीच्या दुकानात माझा गालच गार होता.

निवांत: मग मणी काचेवर घासायचा. स्फटिक ओरखडा पाडतो.

ठाणेकर_काकू: दुकानदार त्याचं शोकेस घासू देणार? तुम्ही कधी माळ घेतलीय का?

तिरकस: मोठा गोळा असेल तर खाली केस ठेवून गोळा फिरवा. केस कुठे दुहेरी दिसला तर स्फटिक.

निवांत: बारीक मण्यात काय दिसणार, कपाळ?

तिरकस: मी 'मोठा गोळा' लिहिलंय. वाचत चला.

घासूगुरुजी: धागा कोबीचा आहे!! माळेसाठी वेगळा काढा.

तिरकस: बरं बाबा, भेगा लपवल्यात झकास. रुखवतात पहिला नंबर. खूश?

ठाणेकर_काकू: गुरुजी, रागावू नका, पण तो कोबी सापडला तो महाल चीनच्या ग्वांग-श्यू सम्राटाच्या जिन राणीचा. माहेरचं आंदण असावं म्हणतात. टोळ-नाकतोडे म्हणजे भरपूर लेकरांचा आशीर्वाद.

तिरकस: म्हणजे रुखवतच की! दोन दिवस मी दुसरं काय म्हणतोय?

घासूगुरुजी: "असावं म्हणतात" लिहिलंय. वाचत चला.