मदत हवी आहे: थर्मोस्टॅटची नवी वायर बंद भिंतीतून कशी न्यायची?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घरात थर्मोस्टॅटला दोनच तारा आहेत. नव्या वायफायवाल्याला सतत २४ व्होल्ट लागतात, म्हणजे सी-वायर (वीज सतत मिळावी म्हणून लागणारी 'कॉमन' तार) हवीच. म्हणून १८/५ केबल (१८ गेजच्या पाच तारांची) टाकायची आहे. फर्नेस (घर गरम करणारं यंत्र) बेसमेंटमध्ये, बरोबर खाली. नवी केबल जुन्या तारेला बांधून ओढावी म्हटलं, पण जुनी जागची हलत नाही. आत लाकडाला स्टेपल मारलेली असणार.

आता बेसमेंटमधून भिंतीच्या तळाच्या लाकडाला भोक पाडून फिश टेप (भिंतीतून तार ओढायची लांब लवचिक पट्टी) वर सरकवायचा विचार आहे. पण मध्ये फायर ब्लॉक (आग पसरू नये म्हणून भिंतीच्या आत ठोकलेलं आडवं लाकूड) आडवा आला तर? लांब लवचिक ड्रिल बिटने जमतं का? आणि भोक नेमकं थर्मोस्टॅटच्या मागच्या भिंतीतल्या पोकळीत निघेल हे खालून कसं ओळखायचं? भिंत शक्यतो फोडायची नाहीये. थंडीत आई-बाबा येताहेत, त्याआधी हे काम व्हायलाच हवं. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.