कोकणातल्या घरासाठी लहान एलईडी प्रोजेक्टर : कोणता घेतला आणि का?

गुहागर (धागा सुरू करताना)

भिंतीवर सिनेमाएवढे चित्र दाखवणारे, पिशवीत मावणारे एलईडी प्रोजेक्टर आता पाच-सहा हजार रुपयांपासून पुढे सर्व किमतींत मिळू लागले आहेत आणि गणपती जवळ आले की आमच्या वाडीतही कोणी ना कोणी तो घेण्याचा विचार करतोच. अडचण अशी आहे की, या यंत्रांची परीक्षणे बहुधा शहरातल्या, जाड पडदे लावलेल्या, कोरड्या खोलीत बसून केलेली असतात. कौलारू छप्पर, काचेच्या कौलातून माजघरात उतरणारा उजेड, गिलावा न केलेल्या जांभ्याच्या भिंती, चार महिन्यांची ओल आणि वाऱ्याची एक झुळूक आली तरी जाणारी वीज, यांच्यामध्ये तेच यंत्र कसे चालते, हे त्या परीक्षणांतून कळत नाही.

म्हणून ज्यांनी असा प्रोजेक्टर घेतला आहे, किंवा विचार करून नाकारला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. घर कसे आहे, आपण कोणत्या वेळी पाहता, घेण्यापूर्वी काय तपासले, हे अवश्य सांगावे. कंपनीच्या नावापेक्षा निवडीचे कारण मला अधिक मोलाचे वाटते, कारण मॉडेल वर्षभरात बदलते आणि घर तेच राहते. माझे स्वतःचे मत असे आहे की, आधी खोली आणि तिच्यातला अंधार मोजावा आणि यंत्राकडे त्यानंतर वळावे.

रत्नागिरी (विज्ञान शिक्षक)

धागाकर्त्यांनी अंधार मोजण्याचा मुद्दा काढला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

खोक्यावर ‘9000 लुमेन’ किंवा ‘12000 लुमेन’ असे छापलेले असते (लुमेन हे उजेडाचे माप). बहुतेक वेळा तो आकडा आत बसवलेल्या दिव्याचा किंवा केवळ जाहिरातीचा असतो आणि भिंतीपर्यंत पोहोचणाऱ्या उजेडाशी त्याचा संबंध फारसा नसतो. विचारायचा तो ‘आन्सी लुमेन’ हा आकडा. तो काढताना पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक भागावरचा उजेड मोजतात आणि त्यांच्या सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. आयएसओ 21118 या मानकानुसार दिलेला आकडाही विश्वासार्ह समजावा. या दोहोंपैकी एकही आकडा विक्रेता सांगत नसेल, तर ते यंत्र मी विचारात घेत नाही.

आता हा आकडा घरातल्या भिंतीला कसा लावायचा ते पाहू. 80 इंची चित्र साधारण 1.77 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच असते. 300 आन्सी लुमेनचा प्रोजेक्टर त्यावर दर चौरस मीटरला सुमारे 170 लुमेन, म्हणजे 170 लक्स उजेड टाकतो. चांगल्या पांढऱ्या पडद्यावर याची तेजस्विता, म्हणजे पडद्यावरून डोळ्यांकडे येणारा उजेड, 50 निटच्या (हे तेजस्वितेचे माप) आसपास जाते, आणि डिजिटल चित्रपटगृहातल्या पडद्यासाठी ठरवलेले प्रमाण 48 निटच आहे. म्हणजे पूर्ण अंधारात एवढा उजेड खरोखर पुरतो. तेच चित्र हौसेने 120 इंची केले की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि उजेड 75 लक्सवर येतो. चित्र मोठे केले की फिके का पडते, याचे एवढेच कारण आहे.

घरात मात्र अंधार पूर्ण नसतो. आमच्या माजघरात शेजारच्या देवघरातली समई आणि स्वयंपाकघरातला दिवा यांचा उजेड येतोच, म्हणून मी 500 आन्सी लुमेनचे यंत्र निवडले आणि चित्र 80 इंचांपुढे नेले नाही. दिवसा मात्र, काचेचे कौल असलेल्या खोलीत, यांपैकी कोणताही लहान प्रोजेक्टर उपयोगाचा नाही. हे घरातल्या सर्वांना घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.

वेंगुर्ले

गुरुजींच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन देण्यासाठी लिहिते. आमच्याकडे मुले दुपारी पाहतात आणि सासूबाई सकाळी कीर्तन लावतात. रात्री नऊनंतर घर झोपलेले असते. एवढा विचार केल्यावर त्याच पैशांत 43 इंची टीव्ही घेतला आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. ज्यांच्या घरी पाहण्याची वेळ दिवेलागणीनंतरची आहे, त्यांनीच प्रोजेक्टरकडे वळावे.

तारकर्ली (घरगुती निवास चालवणारे)

आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे माझा अनुभव मुख्यतः खाऱ्या हवेचा आहे.

स्वस्त प्रोजेक्टरमध्ये बहुधा चित्र उमटवणारी एकच एलसीडी पट्टी असते. पांढऱ्या एलईडीचा उजेड तिच्यातून आरपार जातो आणि ती तापू नये म्हणून पंखा बाहेरची हवा थेट तिच्यावर सोडतो. त्या हवेबरोबर बारीक वाळू, धूळ आणि ओल आत जाते, आणि पट्टीवर बसलेला एकच कण चित्रात करडा, धुरकट डाग होऊन दिसत राहतो. म्हणून निवडताना ‘प्रकाशमार्ग बंदिस्त आहे का’ हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारला. दुसरा प्रकार डीएलपीचा. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, लाखो अतिसूक्ष्म आरशांची चिप असते. लाल, हिरवे आणि निळे एलईडी आळीपाळीने उजळतात आणि आरसे तो उजेड भिंगाकडे किंवा भिंगापासून दूर वळवतात. हा भाग सहसा बंदिस्त असतो आणि यंत्रही लहान होते. मात्र रंग आळीपाळीने येत असल्यामुळे काही लोकांना नजर फिरवताना कडांवर इंद्रधनुषी रेषा दिसतात. आमच्या घरात तो त्रास कोणाला होतो का, हे दुकानात सर्वांना दाखवून पाहिले आणि मगच डीएलपी घेतला.

जपणूक हा निवडीचाच भाग मानावा. काम झाले की यंत्र थंड होऊ देतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. भिंगावर बुरशी धरली तर ती काढणे घरच्या माणसाच्या हातचे काम नाही. वातानुकूलित खोलीतून यंत्र एकदम बाहेर आणले की भिंगावर दव जमते, म्हणून सुरू करण्यापूर्वी ते अर्धा तास तसेच ठेवतो. न वापरलेल्या एचडीएमआय आणि यूएसबीच्या तोंडांना रबरी बुचे लावली आहेत, कारण खाऱ्या हवेने त्यांच्या पत्र्यांवर गंज चढतो.

खळ्यात चित्रपट पाहण्याची कल्पना सर्वांनाच आवडते. ती थंडीत, दिवाळीनंतर अमलात आणावी. पहिल्या पावसाच्या सुमारास वाळवीची पाखरे उजेडावर झेपावतात आणि पंख्याच्या जाळीतून आत खेचली जातात. जाळीवर कापड बांधून ती थांबतील, पण हवा अडून यंत्र तापेल, म्हणून तसे करू नये. पाहुण्यांविषयी एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते : ओटीटीची वर्गणी वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी असते, त्यामुळे निवासातल्या पाहुण्यांना आम्ही केवळ आम्ही स्वतः टिपलेली किल्ल्याची आणि समुद्राची चित्रणे दाखवतो.

देवगड (आंबा बागायतदार)

मे 2021 मधल्या तौक्ते वादळानंतर आमच्या भागात वीज बराच काळ नव्हती, आणि त्यानंतर घरात येणारी प्रत्येक वस्तू विजेशिवाय किती चालेल, हा प्रश्न आम्ही आधी विचारतो. बॅटरी असलेले प्रोजेक्टर दोन-अडीच तास चालतील असे सांगितले जाते, परंतु तो आकडा बहुधा मंद उजेडाच्या स्थितीतला असतो. पूर्ण उजेडावर बॅटरी किती वेळ टिकते, हे वेगळे विचारावे, कारण मोठा हिंदी चित्रपट त्यात संपतोच असे नाही.

पॉवर बँकेच्या आकड्याचाही नीट अर्थ लावावा. 20000 एमएएच हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या घटांचा असतो. गुणाकार केला तर ती ऊर्जा 74 वॉट-तास होते आणि वाटेत काही ऊर्जा वाया जाते. 65 वॉटचा प्रोजेक्टर त्यावर जेमतेम तासभर चालेल. शिवाय प्रोजेक्टरचे यूएसबी-सी तोंड 20 व्होल्टची पीडी (‘पॉवर डिलिव्हरी’ या पद्धतीची) वीज घेते का, हेही पाहावे लागते. घरात 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर अंगभूत बॅटरीसाठी जादा पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही बिनबॅटरीचा घेतला आणि वाचलेली रक्कम उजेडावर घातली. पंखा आणि प्रोजेक्टर दोन्ही आमच्या इन्व्हर्टरवर चित्रपट संपेपर्यंत व्यवस्थित चालतात.

श्रीवर्धन

‘अँड्रॉइड आहे, सगळे चालते’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. अनेक स्वस्त प्रोजेक्टरना नेटफ्लिक्सची मान्यता नसते, आणि वाइडवाइन या चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची एल-1 ही सर्वांत वरची पातळी नसली तर चित्र कमी दर्जाचे येते किंवा ॲप चालतच नाही. मोबाइलचा पडदा भिंतीवर दाखवू म्हटले, तर संरक्षित चित्रपटाच्या जागी काळी चौकट दिसते. म्हणून चांगले एचडीएमआय तोंड असलेला साधा प्रोजेक्टर घेऊन त्याला वेगळी टीव्ही स्टिक लावावी, हा मार्ग मला उत्तम वाटतो. स्टिक जुनी झाली तर तेवढीच बदलता येते. फुल एचडीसाठी 5 एमबीपीएस वेग पुरतो, आणि तेवढा वेग पावसाळी रात्री आपल्या घरी मिळतो का, हे आधी तपासावे.

चिपळूण (नोकरीनिमित्त मुंबईत)

गणपती आणि शिमग्याला गावी जाताना प्रोजेक्टर रेल्वेने बरोबर नेतो, त्यामुळे वजन आणि मांडणी हे माझे मुख्य निकष होते. दीड किलोच्या आतले यंत्र, तळाला कॅमेऱ्याच्या तिपाईचा आटा, आणि आपोआप जुळणारा फोकस, एवढे मी पाहिले. कौलारू घरात सपाट छत नसल्यामुळे टांगण्याचा प्रश्न येतो, आणि तुळईला यंत्र बांधण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही, कारण वरून गळणारा एक थेंबही महागात पडेल. 1.2 थ्रो गुणोत्तराच्या (भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) प्रोजेक्टरला 80 इंची चित्रासाठी सुमारे 2.1 मीटर अंतर लागते, एवढे अंतर आमच्या ओटीवर आरामात मिळते.

तिरके ठेवून चौकट सरळ करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. तिचा वापर जितका कमी तितका बरा, कारण चित्र सरळ दिसावे म्हणून यंत्र कडेचे बिंदू वापरातून काढून टाकते आणि अक्षरांची धार जाते. आमच्या आजीला उपशीर्षके वाचायची असतात, म्हणून मूळ रेझोल्यूशन 1920×1080 असलेलाच घेतला. ‘4के सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र तो संकेत स्वीकारते, एवढाच होतो. भिंतीवर बिंदू बहुधा तेवढेच पडतात जेवढे आतल्या चिपमध्ये असतात.

पडदा म्हणून पांढरी चादर लावली तर उजेड आरपार जातो. चादरीमागे काळे कापड शिवून घेतल्यावर चित्र पुष्कळ सुधारले. ज्यांची भिंत गिलाव्याची आहे, त्यांनी तेवढ्या भागाला झळाळी नसलेला पांढरा रंग द्यावा. परंतु पावसाळ्यात भिंतीला ओलीचे डाग येत असतील, तर गुंडाळता येणारा पडदाच बरा.

आवाजाबद्दल थोडे. भाद्रपदात पावसाची सर आली की अंगभूत स्पीकर पागोळ्यांच्या आवाजात बुडून जातो. बाहेरचा स्पीकर ब्लूटूथने जोडला तर ओठांची हालचाल आणि संवाद यांत अंतर पडू शकते, म्हणून 3.5 मिलिमीटरच्या तारेचे तोंड असलेले यंत्र निवडावे. आमच्याकडे भजनी मंडळाचाच स्पीकर त्या तारेने जोडतो.

दापोली

खरेदीच्या व्यवहाराबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. ‘दिव्याचे आयुष्य 30000 तास’ या ओळीला फार महत्त्व देऊ नये. रोज दोन तास पाहिले तर 20000 तासही 27 वर्षे पुरतात, आणि त्याआधी पंखा किंवा आतले सर्किटच बिघडण्याचा संभव अधिक आहे. एलईडी बहुधा सुटा बदलता येत नाही. त्यामुळे दुरुस्ती कोठे होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आमच्याकडून यंत्र मुंबईला किंवा पुण्याला पाठवावे लागते आणि जाण्या-येण्याचा खर्च हमीत धरलेला आहे की नाही, हे लेखी विचारून घेतले.

22 सप्टेंबर 2025 पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, म्हणून दुकानदार जुना छापील भाव सांगत असेल तर बिलावरचा दर पाहावा. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, रात्री, आपल्याच भिंतीवर तीन गोष्टी तपासाव्यात : पूर्ण पांढऱ्या चित्रात डाग दिसतो का, बारीक अक्षरे मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत सारखीच स्पष्ट आहेत का, आणि तासाभरानंतर पंख्याचा आवाज शांत संवादात खटकतो का. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण हमीचा दावा करताना तोच प्रथम मागितला जातो.