लॅपटॉपचा फॅन, 304 ची फरशी

बी-204: कालपासून लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतोय. फॅनचा आवाज गिरणी चालल्यासारखा. खालच्या जाळीवर पांढरा भुगा. बी-304 चं फरशी कटिंग कधी थांबणार, कळलं तर बरं होईल 🙏

बी-304: कमिटीला विचारूनच काम चालू आहे.

बी-204: हो ताई, पण कापताना पाणी मारायचं ठरलं होतं ना?

बी-304: नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. प्यायचं का फरशीवर ओतायचं?

ए-302 काका: ब्लोअर मारा, मोकळा होईल. विषय निघालाच आहे म्हणून, दिवाळीत नेलेला माझा ब्लोअर ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावा.

सी-101 (कॉम्प्युटरवाले): थांबा की दादा! ब्लोअर नको. फॅन मोकाट फिरला की बेअरिंग जातं. वर त्याच्या मोटारीचा डायनॅमो होतो, उलटा करंट बोर्डावर जाऊ शकतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण खोलून आधी बॅटरीची पिन काढा.

बी-204: खोललं. पात्यांवर फारसं काही नाही.

सी-101: तिथं नसतंच. तांब्याच्या नळीच्या टोकाला बारीक जाळी आहे ना, ती आणि फॅन यांच्या मधे बघा. फक्त फॅनचे स्क्रू काढा. नळी हलवू नका, नाहीतर प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावावी लागेल.

बी-204: 📷 बापरे. बोटभर जाड राखाडी पट्टी, चिमट्यात सबंध आली.

बी-304: फोटो झूम करून बघा सगळ्यांनी. ही फरशीची धूळ आहे का धागे? 🙂

बी-204 काकू: धागेच आहेत. पलंगावर चादरीवर ठेवून बसतो हा. सांगून थकले.

बी-204: आई, तू ग्रुपवर नको ना.

ए-105: सोलापुरी चादरीला बदनाम करू नका हां 😂 आमचा माल असा सुटत नाही. पुण्याहून आणली असेल.

बी-204: कडेला पांढरंही आहे. तेवढं फरशीचंच.

ए-302 काका: ब्लोअरचं कोणीच बोलत नाही. दिवाळीत नेलाय.

बी-304: काका, आमच्याकडे नाही. उगाच आमच्याकडे बघून बोलू नका.

ए-302 काका: मी कोणाचं नाव घेतलं का?

सेक्रेटरी: कटिंग दुपारी 2 ते 4 बंद राहील आणि गॅलरीत ओलं पोतं लावूनच होईल. ताई, सहकार्य करा.

बी-304: करतोच आहोत. बाकीचेही करतील ही अपेक्षा.

सी-101: दादा, आता पात्यांत काडी अडकवून, दाबून भरलेल्या हवेचा स्प्रे-डबा मिळतो ना, त्यातली हवा थोडी थोडी मारा. डबा उभाच धरा.

बी-204: झालं. 98 डिग्रीला जात होता, आता 72. आवाजही गेला. थँक्यू भाऊ 🙏

बी-204 काकू: पाटावर ठेवून काम कर आता.

ए-302 काका: ब्लोअर.

डी-203: पाणी आलंय!! मोटार लावा कोणीतरी.