हरण्यापेक्षा हजेरीचा ताण

ऑनलाइन गेममधला ताण फक्त हरण्याचा, गेम बंद केला की संपला, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम आला तेव्हा त्यातल्या मोल्टन कोअर या गुहेतल्या रेडला, म्हणजे सामूहिक चढाईला, ४० जण लागायचे. मार झेलणारा मुख्य टँक आयत्या वेळी गायब झाला की उरलेले ३९ ताटकळत. त्यात बऱ्याच गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघांमध्ये, हजेरीचे गुण, आणि त्यावर लुटीची वाटणी. दांडी मारली की चांगली तलवार दुसऱ्याच्या पदरात. घरी पाहुणे आलेत म्हणून उठायचीही चोरी! २००७ च्या विस्तारात, म्हणजे गेमच्या नव्या भागात, रेड २५ जणांवर आणली, तर कोणाला वगळायचं यावरून गिल्ड फुटायला लागले. मला तर गिल्डच्या म्होरक्याचीच दया येते: वाटण्या करा, रुसवे काढा, तेही फुकटात.