मुलांचं पहिलं नाटक: तुमचे अनुभव लिहा

खिडकीवेल
आत्ता भाचीने दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातून फोटो पाठवला. मांडीवर लेक, हातात बटाटावडा, दोघांच्याही नाकाला चटणी. म्हणून धागा काढतेय.

माझ्या लेकाचं पहिलं नाटक २०१८ मध्ये, रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' नव्याने आलं तेव्हा. वैभव मांगले चेटकीण. घरी तयारी जोरात: अंधार होईल, घाबरायचं नाही, चेटकीण म्हणजे आत एक काका असतात. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, आणि साहेबांचा आवाज पार बाल्कनीपर्यंत, "आई, लाइट गेली! यांच्याकडे इन्व्हर्टर नाही?" पुढची रांग खो खो हसतेय. चेटकीण आली मात्र, साहेब थेट माझ्या ओढणीत. एक डोळा बाहेर. मध्यंतरात म्हणे घरी जाऊया. बाहेर नेलं तर पायरीवरच थांबला, "ती आता आत काय करत असेल?" आणि मलाच ओढत परत आत.

ठाण्याची_मावशी
इन्व्हर्टर 😂😂
आमच्या वेळी चेटकीण दिलीप प्रभावळकर. मी भोकाड पसरलं होतं म्हणे. पुढे ते टीव्हीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेत आबा झाले तेव्हा आई म्हणाली, अगं हीच तुझी चेटकीण. मला कितीतरी दिवस पटेना.

माडाखालची
आमच्यात पहिलं नाटक म्हणजे जत्रेतला दशावतार. तिकीट नाही, खुर्ची नाही, देवळासमोर चटई टाकायची. लेक आजीच्या गोधडीत. रात्री कधीतरी संकासुर राक्षस आला. अंगभर काळा, लाल जीभ लोंबतेय, आणि मेला पोरांच्या अंगावरच येतो. ती अशी किंचाळली की पेटीवाले बुवापण बघायला लागले.

पहाटे सासूबाई तिला मुद्दाम मागे घेऊन गेल्या. तिथे लक्ष्मी पेटाऱ्यावर बसलेली. लुगडं सुटलेलं, खाली हाफपँट, कपाळाचं कुंकू तसंच, आणि चहात खारी बुडवून खातेय. सासूबाई म्हणतात, "बघ गो बाय, बापयो आसा तो!" झालं. आता टीव्हीवर कुठलीही देवी आली की आमचं ध्यान विचारतं, हे काका आहेत का?

खिडकीवेल
मेले मी 🤣 हाफपँटवाली लक्ष्मी

पक्या_पुणेकर
लायटीचे बूट घालून पोरांना नाटकाला आणणारे पालक इथे आहेत का? एक साष्टांग नमस्कार. अंधारात लाल-निळं-लाल-निळं.

आमचं पहिलं ग्रिप्सचं. बर्लिनहून मोहन आगाशेंनी आणलेली ती बालनाट्याची चळवळ, पुण्यात १९८६ पासून. त्यात लहान मुलांची कामं मोठी माणसंच करतात. लेकीने बराच वेळ निमूट पाहिलं, मग कानात, "बाबा, त्या मुलाला टक्कल का आहे?" आईला चुकवून कसं पळायचं ते मात्र बरोबर उचललं त्या टकल्याकडून.

सुगरण७
कामाचं कोणी सांगा ना. पोरगी तीन वर्षांची आहे, बसेल का?

पक्या_पुणेकर
बसेलही, बसणारही नाही. कडेची खुर्ची घ्या, बाहेर पडायला बरं. पहिली घंटा झाली की शू करून आणायचं, तिसरीनंतर नाही. आणि पहिली रांग नको, मुलांना वरचं दिसत नाही आणि भीती जास्त वाटते.

ठाण्याची_मावशी
शाल न्या शाल! एसी असा लावतात की पोरांचे दात वाजतात. नावं घेत नाही, ठाणेकरांना कळलं असेल.

सातासमुद्रापार
इथे मंडळाच्या गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये बसवलेलं नाटक, तेच आमचं पहिलं. मुलाला राजाचं मराठी कळत नव्हतं, पण राजा म्हणजे त्याच्या मित्राचे बाबा, एवढं लगेच कळलं. भर दरबारात "हाय अंकल!" राजानेही मान डोलावून हाय केलं.

सुगरण७
😂 धन्यवाद पक्या. डोंबिवलीला फुले नाट्यगृहात सुट्टीत बालनाट्यं लागतात ना? यांना विचारते.

माडाखालची
आमच्या जत्रेला या सगळे, फुकट आहे.

खिडकीवेल
येणारच! बरं, भाची विचारतेय पुढच्या वेळी शिवाजी मंदिरला गाडी कुठे लावायची. प्लाझा टॉकीजच्या बाजूला जागा मिळते का कधी?

ठाण्याची_मावशी
दादरला गाडी?? लोकलने या म्हणावं.

पक्या_पुणेकर
फोटोतला वडा कोणी खाल्ला शेवटी?