अनुभव धागा: लांब सफरीसाठी शिडाच्या बोटीची दुरुस्ती, कोल्हापुरात काय करून घ्यावं आणि काय घेऊ नये

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यातच बांधलेली. म्हणजे बोटी आपल्या किनाऱ्यावर होतात. जुनी बोट लांबच्या सफरीला तयार करताना घोळ होतो तो सामानाच्या निवडीत. विषय एवढाच ठेवू: ३५ ते ४० फुटांची फायबरची बोट, तिच्यावर कायम राहायचं, महासागर ओलांडायचा. बोट पावसाळ्यात कोकणात वर काढलेली आणि सुटे भाग घाट चढून कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, म्हणजे उद्यमनगरात किंवा शिरोलीला आणायचे. ज्याला जे काम येतं त्याने नेमकं लिहावं: माप, धातू, क्रम आणि काय बिघडतं ते.

लेथवाला, उद्यमनगर

सुरुवात चेनप्लेटपासून करा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात, त्या चेनप्लेट. एक तुटली की डोलकाठी गेली. पट्टी वरून चकचकीत दिसते, त्यावर जाऊ नका. ती डेकमधून आरपार जाते, तिथे ओल अडकते आणि हवा पोचत नाही. स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही की नेमक्या त्या इंचभर जागेत धातू आतून खाल्ला जातो. म्हणून पट्टी पूर्ण बाहेर काढल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नका.

नवी करायची तर ३१६एल जातीची स्टेनलेस प्लेट. ३०४ आणि ३१६ दिसायला सारख्याच आणि लोहचुंबकानेही फरक कळत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात टिकायला तेच कामाला येतं. दुकानदाराच्या शब्दावर प्लेट घेऊ नका. तुकडा कापून स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या टेस्टला द्या. आपल्याकडे फौंड्रीच्या जिवावर टेस्टिंग लॅब उभ्या आहेत, ही सोय किनाऱ्यावर सहज मिळत नाही.

जाडी आणि रुंदी जुन्या पट्टीपेक्षा कमी नको. वेल्डिंग टाळता येईल तेवढं टाळा, अखंड पट्टीतूनच काढा. तार अडकवायच्या पिनचं भोक आधी थोडं लहान पाडून रीमरने मापाला आणा. पिन सैल बसली तर सगळा ताण एका रेषेवर येतो. भोकाच्या दोन्ही कडा मोडून घ्या. पट्टीचा वाक तारेच्या कोनातच हवा, नाहीतर प्रत्येक लाटेला ती थोडी थोडी वाकत राहते आणि वाकाच्या जागीच चिरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्या शॉपमध्ये हवेतसुद्धा लोखंडाचा कीस असतो. ज्या ग्राइंडरच्या चाकाने बीड घासलं, तेच स्टेनलेसवर चालवलं तर लोखंडाचे कण पट्टीत रुतून बसतात आणि समुद्रावर थोड्याच दिवसांत तांबडे ठिपके उठतात. चाक नवं, ब्रश स्टेनलेसचा, बाकावर कापड. शेवटी आरशासारखं पॉलिश आणि मग पॅसिव्हेशन, म्हणजे ॲसिडने धुऊन संरक्षक थर पक्का करणं. पिकलिंग पेस्ट वापरणार असाल तर तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका.

फौंड्री, शिरोली

दादांनी लिहिलंय त्यात भर. जुनी पट्टी परत वापरायचा विचार असेल तर डीपी टेस्ट, म्हणजे रंगाने भेगा शोधायची टेस्ट करा. पट्टी क्लीनरने स्वच्छ, कोरडी करायची. लाल पेनिट्रंट फवारून निदान १० मिनिटं थांबायचं. मग क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं. थेट पट्टीवर फवारला तर भेगेत शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि फुटकी पट्टी पास होते. ही चूक आपल्या पोरांकडूनही होते, जवळ उभं राहा. वर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ हात मारला की जिथे भेग आहे तिथे केसासारखी लाल रेघ उमटते. रेघ दिसली की पट्टी भंगारात, भरून घ्यायची नाही.

आता सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळाच्या भोकावरचे वाल्व. नळकामाच्या दुकानातला पितळी वाल्व तिथे लावू नका. खारं पाणी साध्या पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि मागे तांब्याची सच्छिद्र चाळण उरते. ओळखायचं कसं? चाकूने खरवडा. पिवळं निघालं तर ठीक, गुलाबी निघालं तर तो वाल्व लाथेनेही मोडेल.

गनमेटल चांगलं, पण मिश्रण सांगून घ्या: तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५. आयएस ३१८ मध्ये ते एलटीबी २ या नावाने आहे. ओतकामात बारीक छिद्रं राहतात, म्हणून मशिनिंगनंतर पाण्याच्या दाबाची टेस्ट घ्या. एक मीटर खोलीला दाब जेमतेम ०.१ बार असतो, तरी ५ बारवर धरून बघा. कास्टिंग पाझरत असेल तर इथेच कळेल.

फसगत होते ती आट्यांत. तळातून येणाऱ्या नळीला सरळ आटे आणि वाल्वला टेपर, म्हणजे निमुळते आटे असले तर जोड दोन-तीन आट्यांवरच आवळतो. हाताला घट्ट लागतो, पण पकड काहीच नसते. दोन्ही एकाच जातीचे घ्या, नाहीतर लेथवर करून घ्या.

रेझीनकाम

डेकची भोकं कोणी मनावर घेत नाही. डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बऱ्याचदा बाल्साचं लाकूड असतं. स्क्रूवाटे पाणी आत गेलं की ते कुजतं आणि डेक पायाखाली दबायला लागतो.

८ मिमी बोल्टसाठी वरून १४ मिमीचं भोक घ्या, खालचा थर शाबूत ठेवा. ॲलन की वाकवून ड्रिलला लावा आणि आतलं लाकूड आजूबाजूने कोरून काढा. आधी पातळ इपॉक्सी ओतून लाकडाला पिऊ द्या, मग कोलॉइडल सिलिकाची पूड घालून पीनट बटरइतकं दाट केलेलं भरा. पूर्ण सेट झाल्यावर मधोमध ८ मिमी पाडा. वरच्या तोंडाला हलका काउंटरसिंक, म्हणजे कड तिरकी कापून खळगा, त्यात ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. बोल्ट एकाच दिवशी आवळू नका, रोज थोडा आवळा, टेप हळूहळू पसरतो. सिलिकॉन कुठेच नको. ते एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही, इपॉक्सीही धरत नाही.

बोटी वर निघतात पावसाळ्यात आणि इपॉक्सीला दमट हवा चालत नाही. पृष्ठभागावर मेणचट थर येतो. थेट पॉलिशपेपर मारला तर तो थर आत दाबला जातो आणि पुढचा कोट सुटतो. आधी साधं पाणी आणि घासणीने धुवा, कोरडं करा, मगच घासा.

वायरमन, गोकुळ शिरगाव

गाडीची वायर बोटीत नको. उघड्या तांब्यात खारट ओल तारांमधून वर चढते आणि हातभर आतपर्यंत काळी पडते. कथिल चढवलेली वायर घ्या, जोड क्रिंपने, म्हणजे टर्मिनल दाबून करा. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि हादऱ्याने तिच्या कडेलाच तुटते.

जाडीचा हिशोब करा. नांगर ओढणारी मोटर १००० वॅटची असेल तर १२ व्होल्टला ८३ अँपिअर. बॅटरीपासून पुढच्या टोकापर्यंत १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर. ३५ चौ. मिमी केबलमध्ये सुमारे ०.८ व्होल्ट खर्ची पडतात, ७० मध्ये ०.४. ऐन वादळात नांगर उचलताना हा फरक जाणवतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० एएचचे चार सेल मिळून साधारण ३.६ युनिट होतात, बोटीला पुरेसे. पण अल्टरनेटर सरळ त्यांना जोडू नका. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर पूर्ण ताकदीवर तासन्‌तास चालून जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने अचानक तोडलं तर अल्टरनेटरचे डायोड उडतात, तेही त्यामुळे वाचतं. बॅटरीजवळ क्लास टी फ्यूज. शॉर्टसर्किटला हजारो अँपिअर वाहतात, साधा फ्यूज उडूनही आत ठिणगी चालू राहते.

शिडकाम

शिवणारे कारागीर इथे चांगले आहेत, दोरा मात्र बाहेरून मागवा. शिडाचं कापड टिकतं आणि उन्हाने दोरा आधी जातो. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा दोरा उन्हाला दाद देत नाही, महाग आहे, पण जोड पुन्हा शिवावे लागत नाहीत. टाका झिगझॅग, कारण शीड ताणतं तेव्हा सरळ टाका तटतो.

धागाकर्ता

ताई, डोलकाठीच्या तारांचं काय? वायररोपच्या दुकानात तार वळवून लूपवर ॲल्युमिनियमची फेरूल, म्हणजे छोटी नळी दाबून देतात, ती चालेल का?

लेथवाला, उद्यमनगर

मीच सांगतो. नाही चालणार. त्या तारा १×१९ जातीच्या, एकोणीस जाड तारांच्या. त्या लूप करून वळवता येत नाहीत. स्वेजचं, म्हणजे तारेवर टर्मिनल दाबून बसवायचं मशीन नसेल तर स्टा-लॉकसारखे हाताने बसवायचे टर्मिनल घ्या. आतला शंकू बदलला की ते पुन्हा वापरता येतात, तेही भर समुद्रात दोन पान्यांवर. सगळ्यात लांब तारेइतकी एक अखंड तार आणि जास्तीचे शंकू बोटीत ठेवा. माप घेताना तार ताणलेली असतानाच पिन ते पिन घ्या.

फौंड्री, शिरोली

बोट पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे लगेच काढायला लावू नका. ती पट्ट्यांवर टेकलेली असतानाच आत जाऊन प्रत्येक सीकॉकवर कोरडा टिश्यू फिरवा, ओल लागली तर बोट पुन्हा वर. वाल्व तुटला तर भोकात ठोकायला प्रत्येक वाल्वशेजारी मापाचा लाकडी गुट्टा दोरीने बांधलेला हवा. इंजिन पंख्याच्या दांड्याला जोडणाऱ्या कपलिंगची अलाइनमेंट त्या दिवशी करू नका. बोट जमिनीवर असताना तिचा आकार थोडा बदललेला असतो. दोनेक दिवस पाण्यात बसू द्या, मग फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज घालून चारही बाजूंना ०.१ मिमीच्या आत आणा.