पुण्यात नवीन आहे, पुस्तकांचं बस्तान कसं बसवू?

कर्वेनगरात_नवा

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी लातूरहून पुण्यात आलोय. कर्वेनगरात अकरा महिन्यांच्या करारावर वन आरके घेतलंय. वाचनाची आवड जुनी, पण इथल्या पुस्तकवाल्यांत अगदी नवखा. महिन्याला हजार रुपये पुस्तकांसाठी काढू शकतो, त्यावर ताणता येणार नाही.

लायब्ररी लावावी की विकत घ्यावीत? आता बाजारात न मिळणारी जुनी मराठी पुस्तकं घेताना काय बघायचं? मागच्या रविवारी एका रस्त्यावरच्या विक्रेत्याने दीडशे पानांच्या पुस्तकाचे सहाशे सांगितले, म्हणे "पहिली आवृत्ती आहे". खरं-खोटं कळेना म्हणून ठेवून आलो. आणि खोलीची एक भिंत पावसाळ्यात ओल धरते असं घरमालक स्वतःच म्हणाले. तर पुस्तकं ठेवायची कशी?

पेठेतली_चक्कर

या, या. लातूरकरांचं स्वागत आहे. ठेवून आलात ते उत्तम केलंत, त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने एकही पुस्तक विकत घेऊ नका, लायब्ररी लावा. अकरा महिन्यांनी घर बदलायची वेळ आली की शंभर पुस्तकांचं वजन तीस-चाळीस किलोच्या घरात जातं आणि टेम्पोवाला ते "कागद" म्हणून नाही, "सामान" म्हणून मोजतो.

पेठांत दोन जुन्या संस्था आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. दुसरं नारायण पेठेत आहे, कर्वेनगरातून कर्वे रस्त्याने सरळ येऊन नदी ओलांडली की आलंच. दुचाकीने येणार असाल तर गाडी लावायला जागा शोधण्यात पुस्तक निवडण्याइतकाच वेळ जातो, हे धरून चला. बस बरी.

नाव नोंदवताना साधारण सगळीकडे हेच लागतं: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एक-दोन फोटो, अनामत आणि वर्गणी. भाडेकरूंची गाडी पत्त्याच्या पुराव्यावर अडते, कारण आधारवर गावाचा पत्ता असतो. नोंदणी केलेल्या भाडेकराराची प्रत सोबत ठेवा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेला करार काही ठिकाणी चालत नाही. अनामतीची पावती मात्र जपून ठेवा, शक्य असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. पुणं सोडताना पैसे परत मागायला गेलात की पहिला प्रश्न "पावती?" असा येतो.

वर्गणी भरण्याआधी काउंटरवर हे विचारून घ्या: एका वेळी किती पुस्तकं मिळतात, नवं पुस्तक किती दिवसांत परत करायचं (जुन्यापेक्षा मुदत कमी असते), आणि दिवाळी अंकांची योजना वेगळी आहे का. हे शेवटचं विसरू नका. बऱ्याच लायब्रऱ्या थोडे जादा पैसे घेऊन दोन-तीन महिने अंक फिरवत देतात. एकेक अंक आता तीनशे-चारशेच्या घरात गेलाय, त्यामुळे चार अंक वाचले तरी पैसे वसूल. नाव लवकर द्या, दिवाळी झाल्यावर गेलात तर चांगले अंक फिरायला लागलेले असतात आणि तुमच्या हाती पाककृती विशेषांक येतो.

टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, १९०६ ची. तिथल्या कार्यक्रमांच्या पाटीवर नजर ठेवलीत की माणसांच्या ओळखी आपोआप होतात. इतिहासाची गोडी असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० चं. पण तिथे काय बघायचंय ते ठरवून जा, सहज चाळायला म्हणून नव्हे.

फर्मा_सोळा

सहाशेच्या "पहिल्या आवृत्ती"बद्दल. तोंडी शब्दावर जायचं नाही, पुस्तक स्वतः सांगतं. विक्रेत्यासमोर उभ्या उभ्या दोन मिनिटांत एवढं होतं.

आतलं शीर्षकाचं पान उलटलं की मागे छपाईचा तपशील असतो. तिथे "पहिली आवृत्ती" असं नुसतं लिहिलेलं असणं म्हणजे हातातली प्रत पहिल्या आवृत्तीची असं नाही. खाली "पुनर्मुद्रण" किंवा "दुसरी आवृत्ती" अशी ओळ आहे का ते बघा. शेवटची तारीख ती तुमच्या प्रतीची. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुन संपेपर्यंतचा काळ असेल तर ७९. शके १८८४ म्हणजे १९६२, किंवा वर्षअखेरीचं पुस्तक असेल तर १९६३.

ते पानच फाटलेलं असेल (आणि महाग सांगितलेल्या पुस्तकात नेमकं तेच फाटलेलं असतं) तर किंमत बघा. रुपये-आण्यांत छापली असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. "न. पै." (नये पैसे) असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, कारण १९६४ साली "नये" हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. प्रकाशकाच्या पत्त्यात "४११ ०३०" असा सहा आकडी पिन दिसला की पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. उलट मात्र खरं नाही: "पुणे ३०" असं लिहायची सवय लोकांनी नंतरही सोडली नाही. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ९७८ ने सुरू होणारा, म्हणजे २००७ च्या आसपासचं किंवा पुढचं.

लेखनावरूनही कळतं. "कांहीं", "नाहीं", "तेथें" असे अनुस्वार दिसले तर मजकूर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी जुळवलेला आहे. पण सावध: जुन्या पानांचे फोटो काढून ऑफसेटवर छापलेल्या पुनर्मुद्रणात तेच अनुस्वार जसेच्या तसे येतात. अशा वेळी बोट फिरवा. खिळ्यांनी (धातूच्या टायपांनी) छापलेल्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा हलका उठाव हाताला लागतो, ऑफसेटचं पान गुळगुळीत असतं. पान उजेडात तिरपं धरलं तर तो उठाव डोळ्यांनाही दिसतो.

आता पानं. मराठी पुस्तक साधारण सोळा पानांच्या फर्म्यांत (एकाच कागदावर छापून दुमडलेल्या जुड्यांत) छापतात आणि पूर्ण फर्मा गहाळ असणं किंवा उलटा शिवलेला असणं हा बांधणीतला नेहमीचा दोष. तेव्हा १७, ३३, ४९, ६५ अशा उड्या मारत पानं बघत जा. जुन्या पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात बारीक आकडा किंवा अक्षर असतं, ते क्रमाने लागलं की फर्मे बरोबर. सुरुवातीच्या प्रस्तावनेचे आकडे कधी वेगळे असतात, त्यामुळे १७ हे बरोबर सतराव्या जागी नसेल तर लगेच पुस्तक खाली ठेवू नका.

ग्रंथालयाचा शिक्का असेल तर शेजारी "रद्द" किंवा "निर्लेखित" असा दुसरा शिक्का शोधा. नसेल तर ते पुस्तक कुणीतरी परत केलेलं नाही असं समजा, आणि घेऊ नका.

भावाचं म्हणाल तर पहिली आवृत्ती या दोन शब्दांना पैसे मोजणारे संग्राहक वेगळे. तुम्हाला वाचायचं असेल तर नीट शिवलेली तिसरी-चौथी आवृत्ती घ्या, बऱ्याचदा तीत चुका दुरुस्त झालेल्या असतात. ज्याची ताजी आवृत्ती निघालेली आहे अशा पुस्तकाला छापील किमतीच्या निम्म्याहून जास्त द्यायचं नाही. अप्पा बळवंत चौकात (पेठेतला पुस्तकांचा बाजार) जून-जुलैत जाऊ नका, तेव्हा पाठ्यपुस्तकांची झुंबड असते आणि साहित्याच्या गठ्ठ्याला हात लावू द्यायलाही कुणाला वेळ नसतो.

चिमूटभर_मोरचूद

@फर्मा_सोळा, छान लिहिलंय. एक भर घालतो: विकत घेण्याआधी वास घ्या. कुबट वास म्हणजे बुरशी जिवंत असू शकते, आणि ती तुमच्या बाकीच्या पुस्तकांना लागेल. कणा आणि पुठ्ठा जिथे जुळतात तिथे बघा. कागद वरून खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या, म्हणजे कसर (कागद खाणारी कीड). बांधणीत वापरलेल्या खळीतला स्टार्च तिला आवडतो, म्हणून सुरुवात कण्यापासून होते. जुने बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे ते याचसाठी.

आता ओलीची भिंत. त्या भिंतीला कपाट लावूच नका. दुसरी जागाच नसेल तर भिंत आणि कपाट यांत तीन बोटं अंतर सोडा आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका. दोन बोटांनी पुस्तक सहज बाहेर आलं पाहिजे. कण्याचं टोक धरून ओढावं लागत असेल तर गर्दी झालीये, आणि तिथेच कणा फाटतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. जुलै-ऑगस्टात पुण्यात ती सहज वर जाते. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. आकडा वर दिसला की कपाटाची दारं उघडून तासभर पंखा लावा. काचेचं दार लावून कडेकोट बंद ठेवलेलं कपाट पावसाळ्यात सगळ्यात वाईट.

रस्त्यावरून आणलेलं पुस्तक थेट रांगेत लावू नका. झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, कसरीची अंडीसुद्धा मरतात. फ्रीजर लहान असेल तर एकेक पुस्तक. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि कसर मारून बुरशी आणल्यासारखं होतं.

पेठेतली_चक्कर

फ्रीजर वगैरे ठीक, पण आमच्याकडे वर्षानुवर्षं डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला. त्याचं काय?

चिमूटभर_मोरचूद

पाला ओला घातला तर ओल वाढते, कडकडीत वाळवून घातला तर थोडाफार उपयोग. डांबरगोळीचा वास घट्ट बंद पेटीत साचला तर काम करतो, उघड्या शेल्फवर उडून जातो. आणि वन आरकेत त्याच खोलीत झोपायचंय. मी तरी सांगणार नाही.

त्यापेक्षा सेलोटेप घरातून हद्दपार करा. फाटलेल्या पानावर टेप लावली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. टेप गळून पडते, डाग राहतो. पातळ जपानी टिश्यू (दुरुस्तीचा कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. एक चमचा स्टार्चला पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत काचेसारखी होईपर्यंत. मैदा घेऊ नका, त्यातलं ग्लुटेन राहतं. खळ दोन दिवसांत आंबते, तेवढीच करा.

पुस्तक भिजलंच तर उन्हात नको, पानं वाकडी होतात. दर वीसेक पानांत कोरा कागद घाला आणि पंख्याखाली उभं ठेवा. वर्तमानपत्र घातलंत तर शाई उतरते. चकचकीत आर्ट पेपरची पानं वाळायच्या आत एकमेकांपासून सोडवा, एकदा चिकटून वाळली की निघत नाहीत. वेळ नसेल तर तसंच ओलं फ्रीजरमध्ये टाका, सवडीने सोडवता येतं.

कर्वेनगरात_नवा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाडेकरार नोंदवलेला आहे, शनिवारी नारायण पेठेत जातो. एक शेवटचं: वाचून झालेली पुस्तकं लातूरला धाकट्या बहिणीला पाठवायची असतात. कुरिअरवाला पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त सांगतो.

फर्मा_सोळा

टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट बघा, पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा, १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वाढत वाढत ५ किलोला १००, शिवाय कर वेगळा. जमिनीवरून जातं, म्हणून दिवस जास्त लागतात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पाकीट तपासता येईल असं बांधा, सगळीकडून चिकटपट्टी गुंडाळलेलं खिडकीवर परत करतात. वर "ज्ञान पोस्ट" असं ठळक लिहा. आत चिठ्ठी घालू नका, पत्र वेगळ्या तिकिटाने जातं.

नियतकालिकं मात्र चालत नाहीत. दिवाळी अंक पाठवायचा असेल तर बहिणीला दिवाळीच्या सुट्टीतच हातोहात द्या.

पेठेतली_चक्कर

शनिवारी जाताय तर आधी फोन करून वेळ विचारून घ्या. दुपारची सुट्टी पेठेत अजून गांभीर्याने घेतात.